जुनेरवाल्या काकू

लग्नाच्या मांडवात लोक नवरीचा चेहरा बघतात, दागिने बघतात, पंगतीला श्रीखंड आहे की बासुंदी ते बघतात. जुनेरवाल्या काकू नवरीच्या आजीचा पदर बघतात. आजी खुर्चीत टेकते न टेकते तोच काकू शेजारी हजर. पदराचं टोक दोन बोटांत धरायचं, उलटं करायचं, चष्मा कपाळावर चढवायचा आणि नमस्काराच्याही आधी विचारायचं, "कधीचं हो हे?" आजीला वाटतं, चला, कुणीतरी आपली चौकशी केली. ती उत्साहाने गुडघ्यांबद्दल सांगायला लागते. काकूंना गुडघ्यांशी कर्तव्य नसतं, गुडघ्यांवर घोळणाऱ्या काठाशी असतं.

हुबळी-धारवाडकडच्या प्रत्येक मराठी गोतावळ्यात अशा एक काकू असतातच. आमच्या अमरगोळला राहतात. यजमान एपीएमसी यार्डात कापसाचे अडते. काका नवा कापूस विकतात, काकू जुना घरी आणतात, आणि आपलाच धंदा बरा असं दोघांनाही मनापासून वाटतं. अमरगोळात चालुक्यांच्या काळातलं बनशंकरीचं देऊळ आहे. त्याच्या शेजाराचा परिणाम असेल, पण काकूंना शंभर वर्षं म्हणजे परवाची गोष्ट वाटते. "काही जुनं नाही हो, सासूबाईंच्या सासूबाईंचं आहे," असं त्या सहज म्हणून जातात.

नवी साडी नेसणं त्यांना कमीपणाचं वाटतं. पुण्याची भाची खणाची साडी नेसून आली, तेव्हा काकू तिच्याशी जेवणापर्यंत बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "गुळेदगुड्डचा खण चोळीचा. त्याची साडी म्हणजे उशीच्या अभ्र्यांची चादर." भाचीने समजूत काढली की काकू, तुमच्या ट्रंकेत जे आहे त्याला व्हिंटेज म्हणतात, मुंबईत त्याला चांगले पैसे येतात. पैशाचं नाव काढल्यावर काकूंनी ट्रंकेला कुलूप लावलं. किल्ली अजून कुणाला सापडलेली नाही.

खरा जीव इरकल साडीत. हुबळी-धारवाडची चिगरी बस नवनगरला थांबली की दारातून चढणाऱ्या बायकांचे काठ त्या मनात टिपत जातात. हा चिक्की, हा गोमी. कुणाचा पदर खरा तोप-तेनीचा असला तर उतरायचं स्टेशन सोडून पुढे जातात. इथे मात्र मी काकूंच्या बाजूचा आहे, कारण तोप-तेनीची करामत थांबून बघण्यासारखीच आहे. बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलचे विणकर इरकलाच्या अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगवेगळा घेतात, आणि दोन्हींचे फासे एकमेकांत अडकवून जोडतात. अंग सुती असो की रेशमी, पदर तांबड्या रेशमाचा, त्यावर पांढरी नक्षी. या जोडापायी ताणा एका वेळी एकाच साडीचा लावावा लागतो. एवढा खटाटोप करून विणलेला पदर आपण नंतर कमरेला खोचून भांडी घासायला बसतो. काकूंना या गोष्टीचा राग येत नाही. उलट पदरावर जुना हळदीचा डाग दिसला की त्या खूश होतात. डाग असला म्हणजे साडी नेसलेली आहे, नुसती ठेवलेली नाही.

शालूंच्या बाबतीत त्या सावध असतात. इकडच्या जुन्या घरांत जो तो शालू बालगंधर्वांनी नेसलेला निघतो. सगळ्यांचं खरं मानलं तर बालगंधर्वांना दर प्रवेशाला शालू बदलून गायला वेळच उरला नसता. काकू ऐकून घेतात, "असेल की हो" म्हणतात, आणि शालू उलटा करून बघतात.

त्यांचे शत्रू ठरलेले आहेत. पहिली बोहारीण. स्टीलच्या एका पातेल्यावर तिने किती घरांतल्या पैठण्या नेल्या, हे काकू दुखवट्याच्या सुरात सांगतात. दुसरा जुनी जर घेणारा. पूर्वीची जर म्हणजे चांदीच्या तारेवर सोन्याचं पाणी, त्यामुळे तो साडी जाळतो आणि चांदी काढून घेतो. त्याची आरोळी कानावर आली की काकू गच्चीत जाऊन त्याला गल्लीबाहेर काढतात. तिसरी, कौदी म्हणजे गोधडी शिवणारी शेजारीण. तिच्याशी बोलणं चालू आहे, पण तिच्या घरात काकू पाय ठेवत नाहीत. एकदा कौदीच्या अस्तरात चंद्रकळा दिसली होती म्हणे.

दुरुस्ती चालते माजघरात, खिडकीशी, सकाळच्या उजेडात. मध्यंतरी एका काळ्या चंद्रकळेवरच्या कसुती भरतकामातल्या हत्तीचा मागचा पाय कसरीने खाल्ला होता. कसुतीला आधी छाप काढत नाहीत, कापडाचे धागे मोजून टाका घालायचा. गवंतीचा टाका जाताना एक घर सोडत जातो आणि परतताना मोकळी घरं भरत येतो, म्हणून उलट-सुलट सारखाच दिसतो. गाठ चालत नाही, टोक जुन्या टाक्यांखाली सरकवून दडवायचं. काकू ओठ हलवत धागे मोजत होत्या. स्वयंपाकघरातून काका ओरडले, "तीन झाल्या गं!" शिट्ट्या कुकरच्या होत्या, पण हत्तीचा पाय एक घर लांब झाला. दुपारी उसवला. त्या दिवसापासून काकू टाका घालत असताना घरात आकडे उच्चारायला बंदी आहे. काका फोनवर कापसाचा भाव सांगायलासुद्धा अंगणात जातात.

विरलेल्या जागी रफूला लागणारं सूत त्या त्याच लुगड्याच्या आतल्या टोकातून ओढून काढतात. बाजारचं सूत शोभत नाही, चकाकतं. आणि लुगडं मधोमधच विरलं असेल, तर दंड घालतात, म्हणजे विरलेला भाग कापून टाकायचा आणि धड बाजू एकमेकींना जोडून घ्यायच्या. आपल्या आज्यांनी आयुष्यभर हे केलं आणि चार लोकांत तो जोड निऱ्यांत लपवला, कारण दंड दिसला की घरची ओढगस्त दिसायची. काकू तो अचूक समोर येईल अशा बेताने नेसतात आणि कुणी बघत नसेल तर स्वतःच दाखवतात. काकूंचा बाकीचा सगळा अतिरेक मी या एका गोष्टीसाठी माफ करून टाकला आहे.

नेसण्याचा हट्ट मात्र महागात पडतो. अहमदाबादच्या कॅलिको म्युझियमने 1949 पासून जुनी वस्त्रं जिवापाड जपली, हे काकूंना मान्य आहे. फक्त ती कुणी नेसत नाही, ही त्यांची तक्रार. त्या स्वतः कुठलंही जुनेर नेसून मुंजीला जातात. पाटावर बसताना टर्रकन आवाज होतो. मंगलाष्टकं थबकतात, भटजी वर बघतात. काकू शांतपणे जाहीर करतात, "रेशीम होतं. घडीवर विरलं होतं, तिथंच गेलं." सुईदोरा कनवटीला असतो.

दुखवट्याला त्या सगळ्यांत आधी पोचतात. बसतात, डोळे टिपतात, खरंच टिपतात, आणि पाणी पिऊन झालं की हळूच विचारतात, "ट्रंक कुठली हो त्यांची?" त्यांना कुणी वाईट म्हणत नाही. बोहारीण त्यांच्यानंतर येते, एवढं लोकांना पटलेलं आहे.

तेव्हा तुमच्याकडे आजीचं इरकल किंवा चंद्रकळा पडून असेल, तर वर्षातून दोनदा घडी मोडून दुसऱ्या रेघेवर घाला, मऊ सुती फडक्यात गुंडाळा, डांबरगोळी जरीला टेकू देऊ नका. आणि आमच्या काकूंना जरूर कळवा. मात्र आजी हयात असल्याचं आधी सांगा, नाहीतर त्या संध्याकाळच्याच बसने भेटायला येतील.