मधी उदगीरला बदलायचं

मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाची यात्रा भरली की घोडे येतात, उंट येतात, वाघ्या-मुरळी येतात, आणि दर पाच-सहा पालांमागं एक तात्या असतोच. आमचे तात्या लोह्याचे. घर अर्ध्या तासावर, तरी चार रात्री पालात कुडकुडत काढतात. "मुक्काम केल्याबिगर यात्रा अंगी लागत नसते," म्हणतात.

तिसऱ्या दिवशी पालात बसून कंटाळा येतो. मग पहाटेच तात्या क्रूझर ठरवून आणतात. आत सोळा माणसं, टपावर दोन. "कंधार, नांदेड, समदं आजच उरकायचं." तात्या बघत नाहीत, उरकतात. शेतातली खुरपणी, पोरीचं लग्न आणि राष्ट्रकूट, तिन्हींना त्यांचं हेच क्रियापद.

कंधारचा किल्ला राष्ट्रकूटांच्या काळचा, भुईकोट, भोवती पाण्यानं भरलेला खंदक. मी दरवाज्यावरचा दगड निरखत होतो, तर मागून आवाज आला, "काय बघायलास? दगडच हाय की. हिकडं ये, भुयार दावतो." दाखवलं ते चिंचोकं पडलेलं एक अंधारं भोक. "हे थेट उदगीरला निघतंय." तात्या कधी आत गेलेले नाहीत, पण कुठल्याही किल्ल्यात पाऊल टाकलं की पाचव्या मिनिटाला त्यांना भुयार सापडतंच. कंधारात एका अवाढव्य क्षेत्रपालाच्या मूर्तीचे अवशेष सापडलेत, त्यात नुसती पावलंही आहेत. हे कळल्यावर तात्या एकदाच गप्प झाले. मग म्हणाले, "ह्याला पायताण किती नंबरचं लागत असंल?"

नांदेडची वेळ मात्र घड्याळ लावून गाठलेली. महाराजा रणजितसिंहांनी 1832 ते 1837 मध्ये सचखंड गुरुद्वारा बांधला, हे तात्यांना ठाऊक नाही; लंगरची पंगत कधी बसते ते पाठ आहे. गळ्यातला गमजा सोडून त्यांनी डोक्याला बांधला, हात जोडले, आणि पंगतीत इतक्या नम्रपणे बसले की वाढणाऱ्यानं आपण होऊन दोन रोट्या जास्त दिल्या. आमच्या मामीनं पहाटे चुलीवर थापलेल्या भाकरी, ठेच्याचा डबा, सगळं क्रूझरमध्ये तसंच राहिलं. मामी दिवसभर बोलल्या नाहीत.

नंदगिरी किल्ला गाडीतूनच उरकला. गोविंदबागेत कारंजी आणि रोषणाई सुरू झाली, पोरं आ वासून बसली, आणि तात्या हिरवळीवर चपला उशाला घेऊन घोरत होते.

रात्री पालापुढं शेकोटी पेटली. शेजारच्या पालातला उदगीरकर घोड्याला चंदी दाखवून आमच्यात येऊन बसला. भाकरी त्यालाच लागल्या. खाता खाता म्हणाला, "आमच्या किल्ल्यातलं भुयार थेट बिदरला निघतंय."

तात्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "ऐकलास का? म्हंजे कंधारात उतरलं की थेट बिदर. मधी फक्त उदगीरला बदलायचं."