सामासिक अंतर सोडलेले नाही

नोकरीची सगळी वर्षं मी एका नगरपालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात काढली. म्हणजे दुसऱ्यांनी काढलेल्या नकाशांवर लाल शाईने खुणा करायच्या, ‘जिन्याची रुंदी अपुरी’, ‘सामासिक अंतर सोडलेले नाही’ (म्हणजे बाजूला मोकळी जागा ठेवलेली नाही) असे शेरे मारायचे आणि फाईल आली तशी परत धाडायची. स्वतः मी आजवर कोंबड्यांचं खुराडंही बांधलेलं नाही. घरात भिंतीला खिळा ठोकायचा झाला तर सौ. शेजाऱ्यांना हाक मारते. मी ठोकलेल्या खिळ्यांच्या जागा नंतर कॅलेंडर लावून झाकाव्या लागतात, आणि घरात कॅलेंडरं आता पुष्कळ झाली, असं तिचं म्हणणं. तरीही मनातून मी स्वतःला बांधकामातला माणूस समजत होतो. हा गैरसमज डेन्मार्कमध्ये, ऑर्हुस शहरात, माझ्या दहा वर्षांच्या नातवाने दूर केला.

चिरंजीव तिकडे नोकरीला आहेत. उन्हाळ्यात आम्ही दोघं गेलो, आणि जेट लॅग उतरायच्या आत आम्हाला बिलुंडला नेण्यात आलं. बिलुंड म्हणजे लेगोचं गाव. ओले किर्क क्रिस्टियनसेन नावाच्या सुताराने 1932 साली इथे लाकडी खेळणी करायला घेतली. आज आपण बघतो त्या प्लास्टिकच्या विटेच्या पेटंटचा अर्ज 28 जानेवारी 1958 चा. तेव्हाची वीट आजच्या विटेवर घट्ट बसते, हे ऐकून मी खरोखर चाट पडलो. आमच्याकडे एकाच भट्टीतल्या दोन विटा एका मापाच्या निघाल्या तर कंत्राटदार पेढे वाटायचा.

तिथे 2017 साली उघडलेलं ‘लेगो हाऊस’ आहे. त्याच्या वरच्या दालनात जगभरच्या हौशी लोकांनी केलेल्या कलाकृती मांडतात. नातवाने मला समजावलं, की ह्या वस्तूंना ‘मॉक’ म्हणतात. खोकं विकत आणून पुस्तिकेबरहुकूम जोडलं तर तो ‘सेट’. पुस्तिका नाही, खोकं नाही, सगळं आपल्या डोक्यातून काढलेलं, तर तो ‘मॉक’. आणि ह्या मॉकवाल्यांमध्ये सगळ्यात कडवी जमात ‘स्टार वॉर्स’ची. सिनेमा आला 1977 साली, लेगोने त्याचे सेट काढायला सुरुवात केली 1999 साली. आता 7,541 तुकड्यांचं ‘मिलेनियम फाल्कन’ दुकानात मिळतं, तरी ह्या लोकांचं समाधान नाही. कंपनीचं जहाज खोक्यात मावावं लागतं, पोराच्या हातातून पडलं तरी टिकावं लागतं, कुणाला तरी परवडावं लागतं. हौशी माणसाला यातली एकही अट नाही. त्याला फक्त बायकोची परवानगी लागते.

घरी आल्यावर नातवाने मला कुणीतरी केलेल्या एका ‘स्टार डिस्ट्रॉयर’चा व्हिडिओ दाखवला. जेवणाच्या टेबलाहून मोठं, करड्या रंगाचं, पाचरीच्या आकाराचं लढाऊ जहाज. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, “यात काय आहे? त्रिकोण तर आहे!”

सौ. आतून म्हणाली, “अहो, नको.” तिला पूर्वानुभव होता.

मी त्याच रात्री आलेखाचा कागद काढला. गोष्टीतलं जहाज 1,600 मीटर लांब. पहिल्या सिनेमात पडद्यावर ते संपता संपत नाही, पण चित्रीकरणासाठी वापरलेलं मॉडेल जेमतेम तीन फुटांचं होतं. कंपनीचा 2019 चा सेट 110 सेंटिमीटरचा, 4,784 तुकड्यांचा. मी 120 ठरवले. दहा सेंटिमीटर वाढीव एफएसआय. मग प्रमाण काढलं: विटेच्या डोक्यावरची एक घुंडी, म्हणजे स्टड, आठ मिलिमीटरची जागा घेतो, ते जहाजावरचे जवळजवळ पावणेअकरा मीटर होतात. त्या प्रमाणात सहा फुटी माणूस दीड मिलिमीटरसुद्धा भरत नाही. हे गणित मी जेवताना सगळ्यांना सांगितलं. कुणी काही बोललं नाही, आणि ते मी संमती म्हणून धरलं.

दुसऱ्या दिवशी नकाशा नातवापुढे ठेवला. त्याने तो उलटसुलट बघितला, एक वीट उचलून आलेखाच्या चौकोनावर आडवी ठेवली, मग उभी ठेवली.

“आबा, वीट स्क्वेअर नसते.”

एक स्टड आठ मिलिमीटर रुंद, पण वीट 9.6 मिलिमीटर उंच. मी दोन्ही सारखे धरले होते. माझं जहाज प्रत्यक्षात वीस टक्के फुगलं असतं. नातवाने पुढे असंही सांगितलं, की तीन प्लेटा, म्हणजे चपट्या विटा, रचल्या की एक वीट होते आणि पाच प्लेटा रचल्या की बरोबर दोन स्टडांची रुंदी भरते, म्हणून भिंत आडवी पाडून बांधता येते. ह्या एका हिशेबावर मॉकवाल्यांचं अर्धं जग उभं आहे. मी मान हलवली. मला काहीही कळलेलं नव्हतं, पण नोकरीत मान हलवण्याचा सराव भरपूर झालेला. नकाशा परत आला. माझ्या नकाशावर दुसऱ्याने खूण करण्याची ही पहिलीच वेळ. आणि पेन्सिल माझीच होती.

मग मालाची खरेदी. तिकडे रविवारी जुन्या बाजारात लोक घरातल्या विटा डबेच्या डबे विकायला आणतात. दोन डबे मी घासाघीस करून घेतले. डॅनिश येत नसल्यामुळे घासाघीस मराठीतच झाली आणि बाई हसून सांगितलेलाच भाव घेऊन मोकळी झाली. उरलेला माल ऑनलाइन. सुटे तुकडे विकणाऱ्यांसाठी ‘ब्रिकलिंक’ नावाची पेठ आहे, 2000 साली एका हौशी माणसाने सुरू केलेली, 2019 साली लेगोनेच घेतलेली. तिथे रंगांच्या यादीत मी ‘लाइट ग्रे’ शोधला, मिळाला, मोठ्या प्लेटांची भरघोस ऑर्डर दिली. यादीत जरा खाली ‘लाइट ब्लुइश ग्रे’ होता. मला वाटलं, ती आकाशी छटा असेल, आपल्याला काय करायची?

लेगोने 2004 च्या सुमारास करडा रंग बदलला, हे मला कोण सांगणार? आधीचा किंचित पिवळसर, नंतरचा निळसर. त्या वेळी जुने शौकीन इतके भडकले होते, की अजूनही दोन करड्यांचा विषय निघाला तर आवाज चढतो. मी मागवलेला सगळा माल जुन्या करड्यातला होता, जुन्या बाजारातल्या डब्यांत दोन्ही होते, आणि नातवाकडचा साठा सगळा नवा. मोतीबिंदूचं ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालेलं असल्यामुळे मला एका डोळ्याने फरक दिसे आणि दुसऱ्याने दिसत नसे. मी दुसऱ्या डोळ्यावर विश्वास ठेवून कामाला लागलो.

सांगाडा उभा राहिला, मोडला, पुन्हा राहिला. 2 बाय 4 च्या सहा विटा 91,51,03,765 प्रकारे जोडता येतात, असं गणितज्ञांनी काढलेलं आहे. त्यातले न टिकणारे प्रकार कोणते, हे मी त्यांना तपशीलवार सांगू शकेन.

अडचण कडेची होती. पाचरीच्या तिरक्या कडेला बारीक फट राहत होती. मी एक प्लेट उभी धरून दोन स्टडांच्या मधे दाबली. चपखल बसली. स्टडाचा व्यास 4.8 मिलिमीटर, म्हणजे दोन स्टडांमधली जागा 3.2, प्लेटेची जाडी 3.2. आयुष्यात प्रथमच माझं माप जुळलं होतं. मी नातवाला हाक मारली.

तो वाकून बघत राहिला. मग हळू आवाजात, बाहेर कुणी ऐकू नये अशा बेताने म्हणाला, “आबा, हे इल्लीगल आहे.”

मला दरदरून घाम फुटला. परदेशात होतो. पण तसं काही नव्हतं. 2006 साली लेगोचेच डिझायनर जेमी बेरार्ड यांनी हौशी लोकांपुढे एक सादरीकरण केलं होतं: कुठले जोड तुकड्यांवर ताण आणतात, म्हणून कंपनीच्या सेटमध्ये चालत नाहीत. स्टडांच्या मधे प्लेट खुपसणं त्यात येतं. फट 3.2, प्लेट 3.2, मग श्वास घ्यायला जागा कुठे? “साइडला स्पेस सोडायला लागते ना,” नातू म्हणाला.

सामासिक अंतर. मी! ज्या माणसाने अर्ध्या फुटासाठी लोकांचे जिने पाडायला लावले, त्याने शून्य अंतरावर बांधकाम केलं होतं, आणि तेही नुसत्या आकाशात. मी जे करायला हवं होतं ते केलं नाही; जे आमच्याकडे सगळे करतात ते केलं. नातू शाळेत गेल्यावर त्या प्लेटांवर बाहेरून गुळगुळीत टाइली बसवून टाकल्या.

पृष्ठभागावर बारीकसारीक नळ्या, खोकी, जाळ्या चिकटवण्याला ही मंडळी ‘ग्रीबलिंग’ म्हणतात. मूळ सिनेमाच्या कारागिरांनी रणगाड्यांच्या आणि विमानांच्या तयार किटमधले तुकडे काढून जहाजांवर लावले होते. लेगोवाले बाहुल्यांच्या दुर्बिणी, स्केट्स, हातोड्या लावतात. एवढं एकच काम मला मनापासून जमलं. डब्यात करड्या रंगाचे इवलेसे नळ पुष्कळ होते, ते मी ओळीने लावत गेलो. साम्राज्याच्या त्या युद्धनौकेवर इतके बिनपरवाना नळजोड झाले, की आमच्या पाणीपुरवठा विभागाने पथक पाठवलं असतं.

वरची दोन मोठी पाखं मात्र जागेवर राहीनात. 2002 च्या सेटमध्ये असली पाखं चुंबकांनी धरलेली होती. नातवाने तेच सुचवलं. मी म्हणालो, चुंबकावर बांधकाम होत नसतं. आणि बॅगेतून पुण्याहून आणलेली झटपट चिकटणाऱ्या डिंकाची ट्यूब काढली. मॉकवाल्यांच्या जगात डिंक म्हणजे काय, ते मी लिहीत नाही. त्या घरात तो शब्द अजून काढत नाहीत. पाखं चिकटली. बिजागऱ्या चिकटल्या, म्हणजे आता त्या बिजागऱ्या राहिल्या नाहीत. खालचा खांब चिकटला. सूनबाईंच्या जेवणाच्या टेबलाला एक टाइलही चिकटली. ती अजून तिथेच आहे आणि तिच्यावर पाण्याचा तांब्या ठेवतात.

शहरातल्या ग्रंथालयात मुलांचं आणि हौशी लोकांचं प्रदर्शन होतं. आदल्या संध्याकाळी जहाज खांबावर चढवलं, हात काढला, आणि त्याने सावकाश नाक वर केलं. पोळी मागणाऱ्या कुत्र्यासारखं ते मागच्या बाजूवर बसलं आणि आमच्याकडे बघू लागलं.

खांब मी लांबीच्या बरोबर मध्ये दिला होता, साठ सेंटिमीटरवर. त्रिकोणाचा गुरुत्वमध्य पायापासून एक तृतीयांशावर असतो, म्हणजे इथे मागून चाळीसवर. त्यात मागच्या बाजूला मनोरा, इंजिनं आणि सगळे नळ. हे पहिल्या वर्षाला शिकवतात. मला त्या विषयात विशेष प्रावीण्य होतं, प्रमाणपत्र पुण्याला कपाटात आहे. खांब हलवायचा म्हटलं तर तो डिंकाने पोटात गेलेला.

“यात काय आहे, त्रिकोण तर आहे,” चिरंजीव म्हणाले. मुलं मोठी झाली की अशी बोलतात.

नातू मात्र गप्प उभा होता. मग आत जाऊन पिवळट वाळूच्या रंगाच्या प्लेटांचा डबा घेऊन आला. जहाजाच्या मागच्या भागाभोवती त्याने त्या उंचसखल रचल्या, दोन-तीन पाखं मुद्दाम तोडून बाजूला टाकली, नळांची एक ओळ उखडली, वाळूत एक बाहुली उभी केली. 2015 च्या सिनेमात जाक्कू नावाच्या वाळवंटी ग्रहावर असंच एक कोसळलेलं स्टार डिस्ट्रॉयर आहे. माझं जहाज बांधायच्या आधीच कोसळलेलं आहे, एवढंच त्याने जाहीर केलं. दोन रंगांचे करडे आता ऊन-पावसाने विटलेले ठरले. वाकडी कड आघाताने वाकली. सगळ्या त्रुटी एका फटक्यात नियमित झाल्या. आमच्याकडे गुंठेवारी नियमित करायला याहून जास्त वेळ लागतो.

प्रदर्शनात एक दाढीवाला गृहस्थ बराच वेळ त्या कडेशी डोळा लावून उभा होता. त्याने मला काहीतरी विचारलं. सूनबाई म्हणाल्या, “बाबा, इतका खरा वाटणारा पडझडीचा परिणाम कसा साधलात, असं विचारतायत.” मी मान हलवली.

पण नियमित करून घ्यायचं म्हणजे तडजोड शुल्क आलं. घरी आल्यावर नातवाने दोन बादल्या माझ्यासमोर ठेवल्या. उरलेला सगळा माल निवडायचा: जुना करडा एकीत, नवा दुसरीत. मी खिडकीशी बसलो, दिवा लावून पाहिला, डोळे आलटून पालटून मिटले. अर्धी बादली झाल्यावर सौ. आली, वरून एक नजर टाकली आणि मी जुन्यात टाकलेले निम्मे नव्यातले आहेत असं सांगून भाजी चिरायला गेली.

मग मी नातवाला बाजूला घेतलं आणि कोपऱ्यावरच्या दुकानातल्या मोठ्या आइस्क्रीमचा विषय काढला. तो लगेच निघाला. आइस्क्रीम त्याने व्यवस्थित, शेवटच्या थेंबापर्यंत खाल्लं. घरी आल्यावर हात धुतले आणि बादली पुन्हा माझ्यापुढे सरकवली.

“आमच्या वेळी घेतल्यावर निदान काम तरी व्हायचं,” मी सूनबाईंना म्हणालो.

“बाबा,” त्या म्हणाल्या, “हे बाहेर कुठे बोलू नका.”