बेसमेंटला घाम फुटतो तेव्हा

"काकू, ती खालची खिडकी आधी लावून घ्या बघू!"

"अगं, वारा नको का लागायला? दोन दिवस नुसती झड लागली होती, खाली कोंदट वास सुटलाय. आमच्याकडे जरा उघडीप मिळाली की दारं-खिडक्या सताड उघडतात."

आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढं लाकडी कुंपण आहे. अलीकडे माझी कारली, पलीकडे काकूंचं अळू. काकू गुहागरकडच्या, न्यू जर्सीत लेकाकडे सहा महिन्यांच्या मुक्कामाला आल्यात. लेकाचं घर रॅरिटनच्या खाडीपासून हाकेच्या अंतरावर. बांधकाम 1950 च्या दशकातलं, खाली सिमेंटच्या पोकळ ब्लॉकांचं बेसमेंट. घर घेतल्या दिवसापासून ते 'फिनिश' करायचा घाट चाललाय. म्हणजे भिंतींना इन्सुलेशन, त्यावर ड्रायवॉल, खाली कार्पेट आणि समोर भिंतभर टीव्ही. "वर चार खोल्या रिकाम्या असताना माणसं जमिनीखाली जाऊन कशाला बसतात, मला मेलीला कळत नाही," हे काकूंचं त्यावरचं मत.

"काकू, खालची भिंत जमिनीत गाडलेली. बाहेर कितीही उकडलं तरी ती 60-65 फॅरनहाइटच्या वर सहसा जात नाही, म्हणजे आपल्या हिशेबानं 16 ते 18 अंश. आणि जुलैतली ही समुद्रावरची हवा इतकी दमट, की 70 फॅरनहाइटच्या खाली गेलेल्या कुठल्याही वस्तूवर तिचं पाणी होतं. ताकाचा थंडगार पेला ओट्यावर ठेवला की बाहेरून ओला होतो ना, तसंच."

"म्हणजे मी वारा नाही, पाणी आत घेत होते?"

"चांगलं बादलीनं."

काकू तडक आत गेल्या. खिडकी धाडकन लागली. परत आल्या त्या पापडाचा डबा घेऊन. खाली गार असतं म्हणून त्यांनी पोह्याचे पापड बेसमेंटमध्ये ठेवले होते. वरचे चार पापड मऊ पडलेले, पाचव्याच्या कडेला हिरवट-करडी बुरशी. "दापोलीहून आणलेत गं हे," म्हणाल्या. आवाज असा, की लेकाचा कॉन्ट्रॅक्टर समोर असता तर त्याचं काही खरं नव्हतं.

मग कोपऱ्यावरच्या घराचा विषय निघणं ओघानंच आलं. (नावं घेत नाही. सगळ्या गल्लीला माहीत आहेत.) त्यांनी तीन वर्षांपूर्वी बेसमेंट फिनिश केलं, वास्तुशांतीला बोलवावं तसं सगळ्यांना बोलावलं. खाली बार काय, गुबगुबीत कार्पेट काय! दुसऱ्या उन्हाळ्यात वास यायला लागला. वहिनी म्हणाल्या, कुत्र्याचा आहे. बिचाऱ्या कुत्र्याला आठवड्यातून दोनदा आंघोळ. वास जाईना, मग कार्पेट शाम्पू केलं. शेवटी प्लग बसवायला आलेल्या इलेक्ट्रिशियननं ड्रायवॉलचा एक तुकडा कापला तेव्हा खरं काय ते कळलं. आतली गुलाबी फायबरग्लासची लोकर पिळून निघेल इतकी ओली, लाकडी उभ्या पट्ट्या तळाशी काळ्या पडलेल्या, आणि ड्रायवॉलच्या मागच्या कागदावर बुरशीचे गोल गोल ठिपके.

"पण लोकर भरली होती ना? मग भिंतीला गारवा कसा लागला?" काकूंचा प्रश्न बिनतोड होता.

तिथंच तर मेख आहे. लोकर थंडी अडवते, हवा अडवत नाही. घरातली दमट हवा तिच्यातून आरपार जाते आणि मागच्या गार भिंतीवर तिचं पाणी होतं. त्यात या लोकांनी लोकरीवर, खोलीच्या बाजूनं, प्लास्टिकची शीट ठोकली होती. भर थंडीत वरच्या मजल्यावर ते चालतं. इथं जमिनीतून ब्लॉकमध्ये आलेली ओलही त्या प्लास्टिकमागं अडकली. वाळायला वाटच नाही. किनाऱ्याकडच्या जुन्या घरात बेसमेंटला इन्सुलेशन करायचं ते नुसतं जानेवारीच्या थंडीसाठी नव्हे, ते जुलैच्या हवेसाठीही करायचं. हे ज्या कॉन्ट्रॅक्टरला कळत नाही, त्याच्या हातात हातोडा देऊ नये.

"अगं, पण आमच्या भिंतीवर तर पांढरं पीठ आलंय," काकू म्हणाल्या. "नखानं खरवडलं तर भुरभुर खाली पडलं. हा लोणाच ना? आमच्या माजघराच्या चिऱ्यांना लागतो तसा?"

लोणाच तो. गुहागर असो की जर्सी, लोणा तोच. पाणी भिंतीतून आत येतं, येताना क्षार विरघळवून आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार मागं राहतो. म्हणजे काकूंच्या लेकाकडे एक नाही, दोन पाणी आहेत. एक हवेतलं, एक मातीतलं. दोघांवरचा इलाज वेगळा, आणि कुठलं किती हे ठरवल्याशिवाय खिशात हात घालायचा नाही.

ते कळायला फुकटाची युक्ती आहे. फूटभर प्लास्टिकचा तुकडा घ्यायचा, भिंत कोरडी पुसायची आणि चारी कडा टेपनं घट्ट चिकटवून दोन दिवस हात लावायचा नाही. खोलीच्या बाजूनं दंव आलं तर हवेचा दोष. भिंतीच्या बाजूनं, म्हणजे प्लास्टिकच्या आत, पाणी दिसलं तर मातीचा. काकूंनी झिपलॉकच्या पिशव्या कापून चार भिंतींवर चार तुकडे लावले. सुनेनं विचारलं तर म्हणाल्या, "डॉक्टर रक्त तपासल्याशिवाय औषध देतो का?"

तिसऱ्या दिवशी सकाळी कुंपणाशी हजर. "तीन तुकडे बाहेरून ओले. पण तुझ्या बाजूच्या कोपऱ्यातला आतून थबथबलाय!"

तो कोपरा मी रोज पाहते. छपराच्या पन्हळीचा पाइप तिथं उतरतो आणि भिंतीच्या पायाशीच तोंड उघडतो. हजार चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला की सुमारे 2,350 लिटर पाणी होतं. त्यातलं निम्मं जरी त्या एका पाइपातून येत असलं तरी एकेका पावसाला हजार लिटरच्या वर पाणी आपण आपल्या हातानं पायात ओततोय.

हे ऐकून काकूंनी कपाळाला हात लावला. "पागोळ्यांचं पाणी भिंतीत मुरवायचं? अगं, आमच्याकडे छप्पर हातभर पुढं काढतात, घर जोत्यावर उचलून घेतात, पागोळ्या पडतात तिथं चर खणून पाणी लांब घालवतात. आमच्या सासऱ्यांनी असला पाइप बघितला असता तर गवंड्याला जेवायला वाढलं नसतं."

त्याच कोपऱ्यात सूनबाईंनी भिंतीला लागून हायड्रेंजिया लावलेत. खाली लाकडाच्या भुशाचा जाड थर आणि संध्याकाळी नळी सोडून पाणी. त्यावर काकू जे बोलल्या ते इथं लिहीत नाही, कारण सूनबाई माझ्याशीही चांगल्या बोलतात. एवढंच सांगते की भिंतीलगतची माती बाहेरच्या बाजूला उतरती हवी, पहिल्या दहा फुटांत सहा इंच तरी. आणि ओला भुसा भिंतीला टेकवून ठेवणं म्हणजे वाळवीला आमंत्रण.

मध्यंतरी एका कॉन्ट्रॅक्टरनं लेकाला आतून 'वॉटरप्रूफ' रंग मारायचा सल्ला दिला होता. पाणी मागून ढकलत असलं की त्या रंगाचे दोन-चार वर्षांत पोपडे निघतात. काकूंना हे समजवावं लागलं नाही. ओल्या भिंतीला रंग देऊन घर विकणारे त्यांनी गुहागरातही पाहिलेत.

मग करायचं काय? पाइपाला सहा फुटांचा जोड लावून पाणी लांब सोडायचं, माती उतरती करायची आणि दोन-तीन मोठे पाऊस जाऊ द्यायचे. भिंत आतून कोरडी राहिली तर पुढचं बोलायचं. पुढचं म्हणजे दोन इंच जाडीचा एक्सपीएस फोमचा बोर्ड थेट ब्लॉकवर चिकटवायचा. मध्ये हवा फिरायला फट ठेवायची नाही, सांध्यांना टेप, वर-खाली सील. मग दमट हवा गार भिंतीपर्यंत पोचतच नाही, तर पाणी कशाचं होणार? दोन इंचांत आर-10 एवढं इन्सुलेशन मिळतं. आमच्या या भागाला बेसमेंटच्या भिंतीसाठी तेवढं चालतं. फोमच्या पुढं लाकडी सांगाडा, त्यावर ड्रायवॉल. ड्रायवॉल हवाच, कारण उघडा फोम आगीला धोक्याचा. फक्त ड्रायवॉल जमिनीपासून अर्धा इंच वर ठेवायचा. प्लास्टिक कुठंच नाही. कार्पेटचा हट्ट सोडायचा.

जिथं भिंत संपते आणि वरच्या मजल्याच्या तुळया टेकतात ती पट्टी सगळे विसरतात. जुन्या घरात गार वारा आणि दमट हवा आत शिरते ती जास्त करून तिथून. काकूंनी तिथं उदबत्ती धरून बघितली. धूर सरळ आडवा झाला. तुळयांच्या मधल्या प्रत्येक खणात फोमचा तुकडा कापून बसवायचा आणि कडेनं फोमचा फवारा मारायचा. कंटाळवाणं काम, पण पैसा वसूल.

आणखी दोन गोष्टी लेकाच्या कानावर घालायला सांगितल्या. खालच्या जमिनीवर नऊ इंचांच्या जुन्या फरशा आहेत. त्या काळच्या अशा फरशांत ॲसबेस्टॉस असू शकतं, तेव्हा तपासल्याशिवाय उचकटू नका. आणि भिंती झाकायच्या आधी रेडॉन वायूची चाचणी करून घ्या. लिटरला 4 पिकोक्युरी किंवा जास्त निघालं तर आधी तो बंदोबस्त. पुढं गावात, खाडीकाठी, शंभरी उलटलेल्या घरांना ओबडधोबड दगडी पाया आहे. त्यांना फोमचा सपाट बोर्ड बसतच नाही. ते प्रकरण वेगळं, आणि महागही.

तोवर काकूंकडे डिह्युमिडिफायर आलाय. 50 टक्क्यांवर लावलाय. पहिल्या दिवशी बादली भरलेली बघून काकूंचा विश्वास बसेना. "एवढं पाणी हवेत होतं?" ते पाणी त्या अळूला घालायला निघाल्या होत्या, मीच अडवलं. यंत्रातल्या धातूचे अंश त्यात उतरतात, खायच्या पानांना नको. "मग हायड्रेंजियाला घालते," म्हणाल्या आणि हसल्या.

लेकानं जुन्या कॉन्ट्रॅक्टरला नको म्हणून कळवलंय. काम ऑक्टोबरात सुरू होईल. टीव्हीचा हट्ट मात्र कायम आहे, आणि त्यावर मी काकूंना जे सांगितलं ते खाडीकाठच्या आपल्या सगळ्याच मंडळींना सांगते. 29 ऑक्टोबर 2012 ला सँडी चक्रीवादळ आलं तेव्हा पाणी भिंतीतून झिरपलं नव्हतं, खाडीतून सरळ रस्त्यावर आलं होतं. 1 सप्टेंबर 2021 ला आयडा चक्रीवादळाच्या उरल्यासुरल्या पावसानं या राज्यातली किती तरी बेसमेंटं तासाभरात भरली. असल्या पाण्यापुढं फोम काही करत नाही. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर धरलेला नसतो. सरकारी पूरविम्यात बेसमेंटमधली भट्टी, पाणी तापवायची टाकी, पंप असलं मिळतं. फिनिश केलेल्या भिंती, कार्पेट, सोफा, टीव्ही यांचं काही मिळत नाही. फर्निचर ऑर्डर करायच्या आधी आपली पॉलिसी काढा आणि बेसमेंटचं कलम स्वतः वाचा.