उलटा पट, उणे आकडा

२८ जुलै २०२५. बटुमीत टायब्रेकच्या दुसऱ्या जलद डावात नागपूरच्या दिव्या देशमुखने काळ्या मोहऱ्यांनी कोनेरू हंपीला हरवले. महिला बुद्धिबळ विश्वचषक आणि ग्रँडमास्टर किताब एकदमच पदरात पडले.

आता राजूरच्या एखाद्या बुद्धिबळवेड्याने तो डाव विश्लेषणासाठी उघडावा. पांढरी मोहरी खाली, दिव्या वर. तिची प्यादी घाट उतरल्यासारखी खाली येतात आणि ती जिंकायला लागली की विश्लेषण करणारे इंजिन आकडा दाखवते उणे! सगळा जमाखर्च पांढऱ्याच्या वहीत ना.

डाव साठवणाऱ्या पीजीएन फाइलच्या सात ठरीव रकान्यांत स्पर्धा, स्थळ, तारीख, फेरी, दोन्ही खेळाडू आणि निकाल असतो. पाहणारा कोणाच्या बाजूने बसलाय, हा आठवा प्रश्न विचारावा असे कुणाला वाटले नाही. (आमच्याकडे तो आधी विचारतात.)

पारावर लाकडी पट मांडला तर उठून पलीकडे बसता येते. मोबाइल उलटा धरला तर दोन्ही राजे शीर्षासन करतात.

लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर, संगणक असेल तर, 'एफ' दाबा, पट फिरेल. फोनवर मेन्यूत शोधा. आकड्यामागचे उणे मात्र तसेच राहील.