हात दाखवणारे मामा

सोलापुरात सायकल चालवणाऱ्या माणसाचे आता दोनच प्रकार उरलेत. पहिला पहाटे होटगी रोडला दिसतो. त्याची सायकल त्याच्या पहिल्या मोटारसायकलपेक्षा महाग असते, आणि ऊन तापायच्या आत तो ती घरी नेऊन भिंतीला टांगतो. दुसरा दिवसभर रस्त्यावर असतो, पण मोटारवाल्यांना दिसत नाही. आमचे सर्कलमामा या दुसऱ्या प्रकारातले. फरक एवढाच, की आपण दिसलोच पाहिजे असा त्यांचा हट्ट आहे.

मामा पासष्टी ओलांडलेले. सगळी हयात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागांवर जॉबर म्हणून गेली. घरात तेलुगू, बाजारात मराठी, कारखान्यात दोन्हींची खिचडी. राहायला साखर पेठेत. लेक दिली ती विजापूर रोडला. नातीसाठी डब्यात काही ना काही घेऊन मामा दिवसाआड निघतात, आणि साखर पेठ ते विजापूर रोड या प्रवासात मधे सात रस्ता आडवा येतो.

सात रस्ता म्हणजे नावाप्रमाणेच सात रस्ते. वाहनं सातही दिशांनी येतात, आणि येणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, आपला रस्ता मुख्य, बाकीचे सहा बोळ. अशा ठिकाणी शहाणा सायकलवाला उतरतो, सायकल हातात धरतो, कडेकडेनं पलीकडे जातो. मामा उतरत नाहीत. उलट सर्कल जवळ आलं की ते सीटवर ताठ होतात, टोपी सारखी करतात आणि उजवा हात खांद्यापासून सरळ बाहेर काढतात. हात काढल्यावर मागच्या रिक्षावाल्याला पहिल्यांदा वाटतं, मामांना काहीतरी दाखवायचंय. तोही तिकडे बघतो. तेवढ्यात मामा मधल्या पट्ट्यात आलेले असतात.

हा हात साधा नाही. पत्र्याच्या शेडमध्ये दोन डझन माग एकदम चालू असले की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही. तिथं माणसं हातानं बोलतात. धागा तुटला, कांडी संपली, बीम बदलायचाय, चहा आला, या सगळ्याला खुणा आहेत. एक खूण सगळ्यांत महत्त्वाची: भुवई वर, हनुवटी किंचित मागे, डोळे दाराकडे. तिचा अर्थ ‘मालक आला’. मामांनी हा सगळा कोश जसाच्या तसा सर्कलला आणला. वळायचंय, थांब, तू हो पुढं, अशा साध्या गोष्टींना साध्या खुणा. पण समोरचा गाडीवाला मांडीवरच्या मोबाईलमध्ये गुंग असला की मामा त्याच्या काचेसमोर ‘मालक आला’ करतात. डोळ्याच्या कोपऱ्यातून ती भुवई दिसताच गाडीवाला दचकतो, फोन लपवतो आणि मागे वळून बघतो. मागे कुणी नसतं. पण तोवर ब्रेक लागलेला असतो.

मागांचा दुसरा फायदा असा, की हॉर्नचा मामांवर काही परिणाम होत नाही. तीसेक वर्षं खटखटाट सोसलेल्या कानांना आपल्या शहरातला हॉर्न म्हणजे कुणी दुरून खाकरल्यासारखा. माणूस हॉर्ननं बिचकला की हँडल हलतं, आणि हँडल हललं की पुढचा सगळा प्रकार होतो. मामा बिचकतच नाहीत. मागे बस असो, टँकर असो, त्यांची रेघ सरळ. ‘सायकल डगमगली की मागचा घाबरतो,’ ते म्हणतात. ‘घाबरलेल्या माणसाच्या हातात गिअर वाईट.’

आमच्या कॉलनीतल्या पोराला त्यांनी एकदा शिकवणी दिली. मी शेजारीच उभा होतो, म्हणून फी न देता ऐकली.

“कडेनं जाऊ नको बे,” मामा म्हणाले. “कडेनं गेलं की मोटारवाल्याला वाटतं हा रस्त्याचा भाग हाय. मधनं गेलं की वाटतं माणूस हाय.”

“पण मामा, मागचे शिव्या देतात की.”

“देऊ दे की. शिवी दिली म्हणजे बघितलं. न बघता कुणी शिवी देतो का?”

हे तर्कशास्त्र मला फार आवडतं. डाव्या कडेनं चिकटून सर्कल फिरणाऱ्या सायकलीला खरा धोका बाहेर पडणाऱ्या गाडीचा असतो. तिला आपल्या रस्त्याला डावीकडे वळायचं असतं, सायकल पुढे जायची असते, आणि दोघांची गाठ नेमकी तोंडावर पडते. परदेशातल्या अभ्यासकांनी चौकातल्या अपघातांच्या कारणांत एक प्रकार वेगळा काढलाय: बघितलं, पण दिसलं नाही. चालकाचे डोळे मोटार, ट्रक, बस अशा मोठ्या गोष्टी शोधत असतात. बारीक सायकल नजरेखालून जाते, पण टिपली जात नाही. मामांना हे कुणी सांगितलेलं नाही. त्यांचं सूत्र असं: “डोळ्यावर विश्वास ठेवू नको. डोळा तुझ्याकडं असतो आन् मन फोनमदी. गाडीचं पुढचं चाक बघ. चाक खोटं बोलत न्हाई.”

मग मी माझं वाचलेलं पुढे केलं. म्हटलं, मामा, ब्रिटनमध्ये 1966 सालीच नियम केला, की सर्कलमध्ये जो आधी आहे त्याला आधी वाट, बाहेरच्यानं थांबायचं. आपल्याकडंही 2017 च्या वाहनचालनाच्या नियमांत तेच आहे. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे पंगतीत बसल्यालं माणूस आधी जेवणार, दारातल्यानं थांबायचं. बरोबर हाय. पण आपल्याकडं पंगतीला काय होतंय? जेवणाऱ्याच्या पाठीमागं खुर्ची धरून उभं राहतेत.” सात रस्त्याचं याहून नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही.

मामांचा आणखी एक गुण म्हणजे ते नंबरप्लेट बघून भाषा बदलतात. हे काम पुण्यात कुणाला जमायचं नाही. त्यासाठी तीन राज्यांच्या वेशीवरचं गाव लागतं. एमएच 13 असली की मामा हक्कानं ‘काय बे’ म्हणतात. केए 28 म्हणजे विजापूरची, तिला ‘स्वल्प नोडरी अण्णा’. केए 32 कलबुर्गीची, तीही त्याच खात्यात. तेलंगणाची प्लेट दिसली की मामांचा चेहरा उजळतो, माहेरचं कुणी आल्यासारखं ‘कोंचेम चूडु बाबू’ म्हणून ते त्याला आधी जाऊ देतात. एमएच 25 धाराशिवची, ती शेजारी, तिच्याशी थोडा संयम. एमएच 12 आली की मात्र मामा नुसते हात जोडतात. “त्येंना सांगून काय उपयोग? त्ये आपल्यालाच सांगतेल.”

मामांचा स्वतःचा मुलगा पुण्यात आहे, हे इथं सांगायला हवं. सोलापूरच्या प्रत्येक घरातला एक तरी असतो. त्यानं वडिलांच्या काळजीनं एक हेल्मेट आणि एक चमकतं हिरवट जाकीट पाठवलं. हेल्मेटचा प्रश्न मामींनी सोडवला. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असताना आधी ओला पंचा, वर टोपी आणि टोपीवर हेल्मेट, असा तीन मजली बंदोबस्त. वरचा मजला जरा हलतो, पण मामी गच्चीवरून बघत असतात, त्यामुळे गल्लीच्या टोकापर्यंत तरी तो जागेवर असतो. खरी कमाल जाकिटानं केली. ते अंगात घातल्यापासून लोक मामांना सरकारी समजायला लागले. एक बाई विचारून गेल्या, घंटागाडी का आली नाही म्हणून. आणि सर्कलला मामांनी हात काढला की गाड्या चक्क थांबायला लागल्या. मामांना आनंद झाला, पण थोडं वाईटही वाटलं. इतकी वर्षं हाताला मान नव्हता तो कापडाला मिळाला. “आयुष्यभर कापडच केलं,” ते मला म्हणाले, “तवा त्येवढं तरी चाललंच पायजे.”

सायकल ॲटलासची, रॉडच्या ब्रेकची, उजव्या हँडलला रिक्षाचा आरसा लावलेली. 2020 साली त्या कंपनीनं साहिबाबादचा कारखाना बंद केला, तोही 3 जूनला, म्हणजे जागतिक सायकल दिनाला. मी मामांना ती बातमी वाचून दाखवली. त्यांनी विचारलं, “सुट्टे पार्ट मिळतेल ना?” बंद पडलेल्या कारखान्यांचं सोलापूरकराला फार नवल नसतं. 1877 ला सुरू झालेली जुनी मिल गेली, नरसिंग गिरजी गेली, लक्ष्मी-विष्णू गेली. मामांचे वडील मिलमध्ये होते. भोंगा झाला आणि पाळी सुटली की सायकलींचा लोंढाच्या लोंढा दरवाजातून बाहेर पडायचा, आणि एखाददुसरा मोटारवाला असला तर तो कडेला उभा राहून वाट बघायचा, असं मामा सांगतात. तेव्हा कुणाला हात दाखवावा लागत नव्हता. मला हे पटतं. एक सायकल म्हणजे अडथळा, पाचशे सायकली म्हणजे वाहतूक.

भीती मामांना दोनच गोष्टींची वाटते. पहिली डिजिटल फलकांची. चौकाच्या तोंडावर कुणा भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फलक लागला की त्याच्या गॉगलमागून थेट रिक्षाच बाहेर येते. त्यामुळे शहरातल्या यच्चयावत पुढाऱ्यांचे वाढदिवस मामांना पाठ आहेत आणि त्या आठवड्यात ते रस्ता बदलतात.

दुसरी भीती उसाची. साखर कारखाने पेटले की ट्रॅक्टर निघतात, मागे दोन ट्रॉल्या, दोन्ही बाहेर ओसंडणाऱ्या, आणि ड्रायव्हरच्या डोक्याशी असा स्पीकर की त्याला स्वतःचा ट्रॅक्टर ऐकू येऊ नये. मामा इथं मात्र हात दाखवत नाहीत. ते थांबतात. वळताना ट्रॅक्टर जिथून जातो तिथून मागची ट्रॉली जात नाही, ती आतून कापते, आणि त्या आतल्या जागेत सायकलवाला उभा असला तर ड्रायव्हरला ते कारखान्यावर पोचल्यावरही कळत नाही. “उसाला कायम पुढं जाऊ द्यायचं,” हा मामांचा नियम. चालत्या ट्रॉलीतून ऊस उपसणाऱ्या पोरांना ते मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही भाषांत झापतात. त्यांच्या स्वतःच्या कॅरिअरला डिसेंबर-जानेवारीत एखादं कांडं बांधलेलं असतं. विचारलं तर म्हणतात, पडलं होतं.

अलीकडे मामांच्या मागे शेपूट लागलंय. शाळा सुटायच्या वेळी विजापूर रोडकडे जाणाऱ्या दोन-तीन मुली सर्कलच्या अलीकडे सायकली घेऊन थांबतात आणि मामा दिसले की “मामा, चला की” म्हणून मागे लागतात. मग एक शिकवणीचा पोरगा. मग इस्त्रीचे कपडे पोचवणारा एकजण. परवा सात सायकली होत्या. मामा पुढे, हात बाहेर, मागे सगळ्यांचे हात बाहेर. अख्खा सात रस्ता थबकला. ड्यूटीवरचा हवालदार शिट्टी वाजवत मधे आला.

“ओ मामा! मोर्चाची परवानगी काढलीय का?”

मामांना ऐकू आलं की नाही, देव जाणे. सायकल न थांबवता त्यांनी हवालदाराकडे बघितलं, भुवई वर केली, हनुवटी किंचित मागे घेतली आणि डोळे त्याच्या पाठीमागे वळवले. हवालदारानं तोंडातली शिट्टी काढली, टोपी सारखी केली आणि घाईनं मागे वळून सावधान उभा राहिला. मागून एक पाणीपुरीची गाडी येत होती. तो परत वळेपर्यंत सातही सायकली विजापूर रोडला लागल्या होत्या.