दप्तरी दाखल

ध्वनिमुद्रणासाठी संगणकावर लिनक्स बसवावे अशी सद्बुद्धी ज्यास होते, त्याने प्रथम एवढे ध्यानी घ्यावे की, लिनक्स हे एक संस्थान नसून एकमेकांतून फुटून निघालेल्या परगण्यांचे अफाट राज्य आहे. आमचा वाशीम जिल्हा 1998 मध्ये अकोल्यातून एकदाच निघाला आणि तेथेच थांबला. इकडे 1993 च्या डेबियनमधून उबुंटू, उबुंटूमधून 2007 मध्ये खास कलावंतांसाठी उबुंटू स्टुडिओ, आणि पुढची वंशावळ लावण्यास स्वतंत्र भूमापन खातेच नेमावे लागेल.

त्या राज्यात आवाजाचीही सुटका सहजी होत नाही. माइकातून निघालेला स्वर प्रथम अल्सा नामक तलाठ्यापुढे उभा राहतो. पूर्वी त्याच्या वरती पल्सऑडिओ हा सर्वांचे ऐकून घेणारा परंतु संथ कारकून, आणि जॅक हा तत्काळ निकाल देणारा परंतु कारकुनाचे तोंडही न पाहणारा अंमलदार, असे दोघे असत. हल्ली दोन्ही खुर्च्यांचा कारभार पाइपवायरकडे आहे. ‘रिअल टाइम’चे, म्हणजे ठरल्या क्षणी काम उरकण्याच्या हमीचे, प्रकरण तर सुमारे 20 वर्षे रेंगाळून 2024 मध्ये मूळ कर्नलात दाखल झाले. दिवाणी दावे लढविलेल्या आमच्या मंगरूळपीरकरांस ही मुदत वाजवीच वाटेल.

या साऱ्या बंदोबस्ताचा हेतू एकच: गायिलेला स्वर गायकाच्या कानी विनाविलंब परत यावा. सेकंदास 48,000 नमुने घेतले आणि बफर 256 नमुन्यांचा ठेवला, तर विलंब सुमारे 5.3 मिलिसेकंदांचा होतो; तेवढ्या अवधीत हवेतून आवाज दोन मीटरही जात नाही. तथापि बालाजीच्या देवळात भजनी मंडळ टाळ घेऊन सिद्ध बसले असता मी तो बफर 128 वर, मग 64 वर आणीत होतो, आणि प्रत्येक पायरीस कर्णफोनात भाजत्या पोह्यांसारखा तडतडाट वाढत होता. अखेर मंडळाचे वृद्ध म्होरके म्हणाले, “मास्तर, आमी अभंग म्हनू का तुमची मशीन तयार व्हाची वाट पाहू?” त्यांच्यापासून तीस फुटांवर बसलेल्या टाळकऱ्यास त्यांचा स्वर निसर्गनियमानेच सव्वीस-सत्तावीस मिलिसेकंद उशिरा पोहोचत होता, आणि त्याबद्दल आजवर त्याने कोठेही तक्रार गुदरलेली नव्हती. मी बफर मुकाट्याने 512 केला. मुद्रण उत्तम झाले.

तेव्हापासून माझी वहिवाट ठरली आहे: डेबियनची स्थिर आवृत्ती आणि तीवर आर्डर हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर. आर्डरचे कर्ते पॉल डेव्हिस हे अॅमेझॉनच्या अगदी आरंभीच्या प्रोग्रामरांपैकी एक. कुबेराच्या ओसरीवर बसून आलेल्या या गृहस्थाने पुढे मुक्त सॉफ्टवेअर लिहावे, यातच मला त्यांच्या कानाचा पुरावा दिसतो. डेबियनमध्ये नवी वस्तू येईतो जुनी होते, असे तरुण मंडळी उपहासाने म्हणतात. मला तर त्यातच तिचे कुलशील दिसते, कारण जी वस्तू बदलतच नाही, तिची नवलाई पाहण्यात रात्री जात नाहीत आणि मुद्रणाला वेळ उरतो.

2025 च्या ऑगस्टात डेबियनची 13 वी आवृत्ती निघाली. संगणकाने रीतसर अर्ज केला. मी त्यावर “सोयाबीन निघाल्यावर पाहू” असा शेरा मारून तो दप्तरी दाखल केला आहे. सोयाबीन कोणत्या साली, हे शेऱ्यात लिहिण्याची प्रथा नाही.