डॉट सोलापूर हवंच!

बर्लिन आणि लंडनकडे 2014 पासून वेबपत्त्याला लावायला स्वतःचं शेपूट आहे, मग 'डॉट सोलापूर' का नको? जरूर हवं! इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅनकडे नुसत्या अर्जाचे 2,27,000 डॉलर, म्हणजे दोन कोटींच्या आसपास, भरायचे. शिवाय शहराच्या नावासाठी सरकारी संमती आणायची. अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेल कारखानदार सुताचा भाव आणि वीजबिल भागवून उरलेली चिल्लर एवढ्यासाठीच तर साठवतात!

त्यानं आपली ओळख जपली जाईल, असं समर्थक म्हणतील. पण सोलापुरी चादरीला जीआय मानांकन मिळूनही बाहेर विणलेला माल 'सोलापुरी' म्हणून खपतोच. जो कायद्याला भीत नाही, तो टिंबाला भिईल? 'डॉट एनवायसी' न्यूयॉर्कच्या पत्त्याशिवाय मिळत नाही, हे खरं. पण पत्ता तपासायलाही माणूस लागतो. तो नेमणारच असाल, तर बाजारात चादरीचा काठ उलटून पाहायला नेमा. आणि देवनागरीचीच हौस असेल, तर 'डॉट भारत' त्याच 2014 पासून हजर आहे. तिथे चेंगराचेंगरी झाल्याचं ऐकिवात नाही.